पोत्याची शिलाई

अक्काला चप्पल काढायला फार वेळ लागायचा. दारात उभी राहून ती आधी एका पायाकडे बघायची, मग दुसऱ्या पायाकडे, जणू पहिला मान कोणाला द्यायचा हे अजून ठरायचे आहे. मग डाव्या चपलेचा पट्टा सुटायचा. मग काहीतरी आठवल्यासारखी ती थांबायची आणि गल्लीत कोण काय करते आहे ते बघून घ्यायची. तोवर आत ओतलेल्या चहावर साय धरायची. मी हाक मारली की तिचे उत्तर ठरलेले असायचे, "येते की. चप्पल पळून जायलीय का?" मी चिडून बाहेर जायची, आणि दारात पोहोचले की मीच तिच्या उजव्या चपलेची वाट बघत उभी राहायची.

ते तिचे कामच होते. अंगावरची वस्तू काढताना लोकांना वाट बघायला लावणे, या एका गोष्टीवर तिने जर्मनीत नाव कमावले. तिकडे या कलेला बर्लेस्क म्हणतात. बँड वाजत असतो, बाई नटून रंगमंचावर येते, बघणाऱ्यांची थोडी थट्टा करते, थोडी स्वतःची करते, आणि एकेक वस्त्र उतरवत जाते. सगळी उतरवत नाही. जे उतरले त्यापेक्षा जे आता उतरेल असे वाटत राहते, त्याला टाळ्या पडतात. मी भालकीच्या एका शाळेत मराठी शिकवते. ही व्याख्या मला तिनेच सांगितली आणि वर म्हणाली की तुझ्या समासापेक्षा सोपी आहे.

मागच्या हिवाळ्यात ती तिकडेच गेली. आजार लहानसाच आहे, असे ती शेवटपर्यंत फोनवर सांगत होती. हे लिहायला मला बरेच दिवस लागत आहेत. दोन ओळी लिहिते आणि थांबते. तिला हे आवडले असते.

ती माझी चुलतबहीण. अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे थोरले चुलते. पण सगळी गल्ली त्यांना अप्पाच म्हणते. भालकीत बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचे शिवणाचे दुकान आहे. वय झाले तरी ते अजून मशिनवर बसतात. अक्काची आई ती शाळेत असतानाच गेली. घरात दोघेच, आणि मधे मशिन.

परदेशातून ती यायची ती नेमकी मे महिन्यात. हैदराबादहून आलेल्या बसमधून उतरताना तिच्या अंगावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्याला मफलर आणि पायात लोकरीचे मोजे असायचे. स्टँडवरचे लोक वळून बघायचे. एकदा एका ओळखीच्या रिक्षावाल्याने विचारले, "अक्का, ताप हाय का अंगात?" तिने सरळ सांगितले, "न्हाई रे. तिकडं कामावर अंगावर फार काही नसतंय. म्हणून हितं भरपाई करायलीय." रिक्षावाल्याने मान हलवली आणि पोत्यासारखी तिची बॅग उचलली. मी मात्र घरी पोहोचेपर्यंत रस्त्याच्या कडेची दुकाने मोजल्यासारखी बघत होते.

येताना ती सगळ्या गल्लीसाठी लोकरीचे हातमोजे आणायची. दर वेळी. आमच्याकडे उन्हाळ्यात दाराची कडी हाताला चटका देते, तिथे लोकरीचे हातमोजे. पण वाया कोणाचेच गेले नाहीत. समोरच्या गौरम्मा त्यातल्या एकाने तवा उतरवतात. दुसरा त्यांनी नळाच्या तोटीला बसवला आहे.

गौरम्मांचे दार अप्पांच्या दुकानासमोरच. घरात कन्नड, गल्लीत मराठी, आणि राग आला की दोन्ही, अशी त्यांची भाषा. अक्का काय करते हे गल्लीत सगळ्यांना अंधूक ठाऊक होते; तोंडावर विचारण्याचे धैर्य फक्त त्यांनी केले. अक्का दुकानाच्या पायरीवर मोसंबी सोलत बसली होती. मोसंबीही ती अशी सोलायची की गल्लीतली माणसे बोलता बोलता गप्प व्हायची. साल एकसलग निघायची, आणि तुटेल तुटेल वाटून कोणीतरी श्वास धरायचे.

गौरम्मा म्हणाल्या, "खरं काय गं, तू लोकासमोर कपडे काढतीस म्हणे?"

"काढते की. पर सगळे काढत न्हाई, गौरम्मा."

गौरम्मांनी जरा विचार केला. "मग राहिलेले कामून काढत न्हाईस?"

"ते काढले की कार्यक्रम संपतोय."

आत अप्पांचे मशिन चालू होते. ते क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले. हे ऐकलेच नाही असे दाखवायचे तर मशिन थांबायला नको होते, पण अप्पांना खोटे वागणे कधी नीट जमले नाही.

अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे की मुलगी नर्स आहे. हेही खरे होते. कलबुर्गीला नर्सिंग शिकून ती बर्लिनमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली आणि ती नोकरी तिने बरीच वर्षे टिकवली. दिवसा म्हाताऱ्या माणसांना कपडे घालायचे, संध्याकाळी स्वतःचे काढायचे, असे ती म्हणायची. कला तिला वृद्धाश्रमातच मिळाली. तिथे एक फार म्हातारी बाई होती. तिचे नाव हेल्गा. अक्का तिला हेल्गाबाई म्हणायची, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. तरुणपणी हेल्गाबाईने रंगमंच गाजवले होते. आता बोटे वाकडी झाली होती आणि उठताही येत नव्हते. अक्का तिच्या हातातले मोजे भराभर काढायला गेली, तेव्हा म्हातारीने तिच्या हातावर चापट मारली आणि तेच काम स्वतः करून दाखवले. एका बोटाचे टोक सैल करायचे. खिडकीबाहेर बघायचे. दुसरे बोट. मग विसरून गेल्यासारखे करायचे. शेजारच्या खाटेवरच्या, कोणाला न ओळखणाऱ्या आजोबांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि मोजा निघेपर्यंत पापणी लवू दिली नाही, असे अक्का सांगायची. तिथून ती त्या म्हातारीची शिष्या झाली.

रंगमंचावर तिने नाव घेतले बेगम बिदरी. लहानपणी ती काळी म्हणून तिला फार ऐकून घ्यावे लागले. नात्यातल्या बायका आल्या की हळद-बेसनाचे उपाय सांगायच्या, चहा पिऊन जायच्या. आमच्या भागात प्रत्येक घराच्या काचेच्या कपाटात एखादी बिदरी डबी असते, कोणत्या तरी समारंभात मिळालेली. काळ्या धातूवर चांदीची वेल. अक्काने तीच वेल स्वतःच्या अंगावर रंगवून घेतली. खांद्यापासून घोट्यापर्यंत चांदीची पाने-फुले, आणि खाली तिचा तो रंग. "डबीला कुणी हळद लाव म्हणतंय का?" हे तिचे वाक्य आमच्या घरात अजून वापरात आहे. तिकडच्या लोकांना वाटले की ही कोण्या महालातली राजकन्या. महाल कुठे आहे असे विचारले की ती सांगायची, बाजाराच्या मागे, इस्त्रीवाल्याच्या बाजूला.

हे सगळे ती अप्पांनाही सांगू बघायची. अप्पा ऐकत नसत. तिने मोबाइलवर फोटो धरला की त्यांना नेमका सुईत दोरा ओवायचा असायचा. तिच्या कामाबद्दल या दोघांत उघड बोलणे मी एकदाच ऐकले. तेव्हा तिला अप्पांकडून एक गोष्ट शिवून हवी होती.

गळ्यापासून पायापर्यंतचा एक झगा, जो एका ओढीत, आवाज न होता उघडेल. तिकडचे शिंपी टिचबटणे लावून देत, ती अर्ध्यात अडकत. नाहीतर वेल्क्रो लावत. वेल्क्रो उघडताना असा चरचरतो की बघणाऱ्यांना दवाखान्यातला रक्तदाबाचा पट्टा आठवतो, अशी तिची तक्रार होती. अप्पांएवढा चांगला हात तिने कुठे पाहिला नव्हता, आणि हे ती लाडाने म्हणत नव्हती.

अप्पांचा स्वभाव असा, की रस्त्याने जाणाऱ्याचे बटण लोंबताना दिसले तर त्याला हात धरून आत बसवतील आणि बटण घट्ट करूनच सोडतील. एकदा त्यांनी वरातीतल्या नवरदेवाला घोड्यावरून उतरवले होते. त्यांना उसवणारी शिलाई मागणे म्हणजे वैद्याकडे जाऊन खोकला मागणे.

ते म्हणाले, "गिऱ्हाइकाची शिलाई उसवली तर मला दोन दिवस जेवण जात न्हाई. अन् तू म्हणायलीस, मुद्दाम उसवणारी दे."

"तिथं लागतीय, अप्पा."

मग अप्पांनी मशिनवरून पाय काढला आणि माझ्याकडे बघत तिला सांगितले. आमच्यासमोर ते एवढे बोलल्याचे मला दुसरे आठवत नाही. त्यांच्या आज्याला लग्नात नवा सदरा मिळाला होता. गावाच्या वेशीपाशी आल्यावर आज्याने तो काढून काखेत धरला, कारण आपल्या माणसाने नवा सदरा घालून गावातून चाललेले तेव्हा चालत नसे. उघड्या अंगाने तो नवरदेव घरी गेला. अप्पा शिंपी झाले ते याच गोष्टीमुळे. गल्लीतल्या प्रत्येकाच्या अंगावर अंगभर कपडा, पूर्ण बाह्यांचा, कॉलर ताठ, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

"अंगभर कपड्याला आपल्याला तीन पिढ्या लागल्या," ते म्हणाले. "अन् तू काढायलीस?"

अक्काने उत्तर द्यायलाही वेळ घेतला. "आज्याला काढायला लावलं होतं, अप्पा. मी माझ्या मनानं काढते. अन् जिथं माझ्या मनात येतंय तिथं थांबते. मला कुणी काढ म्हणू शकत न्हाई, अन् कुणी थांब बी म्हणू शकत न्हाई. एकदा येऊन बघा."

अप्पांनी मशिन सुरू केले. सुईखाली कापड नव्हते. ते बराच वेळ नुसते पाय मारत राहिले.

ती त्या वर्षी रिकाम्या हाताने परत गेली. जाताना चपला घालायला तिने जेवढा वेळ लावला, तेवढा मी कधी पाहिला नव्हता. पण आतून हाक आली नाही.

पुढच्या मे महिन्यात सत्काराचे निघाले. विहाराच्या समितीने परदेशात नाव काढलेल्यांचा सत्कार ठरवला. अशा दोनच व्यक्ती गावात त्या वेळी हाती लागल्या. एक दुबईला असलेला इलेक्ट्रिशियन आणि दुसरी अक्का. समितीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, शब्द जपून खर्च करणारे. अक्काच्या कार्याबद्दल माइकवर काय बोलावे हे विचारायला ते अप्पांकडे आले. अप्पा कोणाच्या तरी पँटचे माप घेत होते. खालूनच म्हणाले, "कपड्याच्या लाइनीत हाय." अध्यक्षांचे समाधान झाले. अक्काने त्यांना गाठून खरे काय ते सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं बराबर हाय. पर माइकवर तेवढंच बोलायचं आसतंय, जेवढं खाली बसल्यालं पचवतंय." निमंत्रणावर छापले गेले, वस्त्रक्षेत्रातील भरीव कामगिरी.

आमच्याकडच्या सत्काराचा एक नियम आहे. एकाने शाल घातली की दुसऱ्याला घालावीच लागते. समितीची झाली की तरुण मंडळाची, तरुण मंडळाशी ज्यांचे पटत नाही त्यांची, महिला मंडळाची, आत्याकडची, मामाकडची. आणि घातलेली शाल कार्यक्रम संपेपर्यंत अंगावरून काढायची नसते, घालणाऱ्याचा अपमान होतो. मंडपात पंखे होते, पण ते पाहुण्यांच्या मागे असलेल्या बॅनरला वारा घालत होते. अक्का स्वेटर आणि मफलरसह खुर्चीत बसली होती, आणि तिच्यावर शाली चढत होत्या. फेटा झाला. हार झाले. गौरम्मांनीही एक शाल आणली होती. ती घालायला जागा सापडेना तेव्हा त्यांनी ती पुढून एप्रनसारखी बांधली. दुबईचा इलेक्ट्रिशियन शेजारी घामाने निथळत होता. अक्काचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसत होते. मला त्या डोळ्यांची ओळख होती. मी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ बसले.

एवढ्या लोकांत कोणाच्या लक्षात आले नाही, की आपण एका कलावंत बाईला तिच्या कामाचा सगळा सरंजाम स्वतःच्या हाताने चढवला आहे. वर तिच्यासमोर माइक ठेवून अध्यक्ष म्हणाले, ताईंनी दोन शब्द बोलावेत.

माइक तिने बाजूला सरकवला. फेट्याचा शेमला हातात घेतला आणि त्याच्याकडे असे बघितले, की हे काय आणि माझ्या डोक्यावर कसे. पुढच्या रांगेत कोणीतरी हसले. फेट्याचा एक वेढा सुटला. ती थांबली. मंडपाच्या कोपऱ्यात मिरवणुकीसाठी आलेला हलगीवाला बसला होता. त्याला काय वाटले कोण जाणे, त्याने बोटांनी हलगीवर हलकेच ठोका दिला. दुसरा वेढा.

मग शाली. पहिली शाल खांद्यावरून घसरायला इतका वेळ लागला, की लहान मुलेही गप्प झाली. ती पूर्ण निघाली तेव्हा अक्का ती घेऊन खाली उतरली आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर घातली, नीट, काठ बाहेर ठेवून. म्हातारीने दोन्ही हातांनी शाल धरली आणि मागे वळून सगळ्यांकडे पाहिले. मग दुसरी शाल, दुसरी म्हातारी. हलगी आता चांगली सुरू होती. आपली पाळी कधी येते म्हणून बायका सरसावून बसल्या. ज्या दोन गटांचे एकमेकांशी पटत नव्हते त्यांच्या शाली तिने एकमेकांच्या आयांना घातल्या, आणि कोणालाही तक्रार करायला सवड मिळाली नाही. अध्यक्ष उठून उभे राहिले होते. थांबवायला उठले असावेत. पण उभे राहिल्यावर त्यांना चांगले दिसू लागले आणि ते तसेच उभे राहिले.

शेवटी एकच शाल उरली. समितीची, सगळ्यांच्या खालची. अक्का मधोमध उभी राहिली. शाल एका खांद्यावरून उतरली. हलगी थांबली. आत पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर आहे हे मंडपातल्या प्रत्येकाला माहीत होते, तरी सगळा मंडप मान पुढे काढून बघत होता.

"अय्यो, काढ की!" गौरम्मा ओरडल्या.

अक्काने शाल हळूच पुन्हा खांद्यावर घेतली, हात जोडले आणि खुर्चीत जाऊन बसली.

टाळ्या पडत असताना मी मागे वळून पाहिले. अप्पा कार्यक्रमाला येणार नाही म्हणाले होते. ते मंडपाच्या शेवटच्या खांबाशी उभे होते. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून दिसावे म्हणून त्यांनी टाचा उचलल्या होत्या, आणि कार्यक्रम संपला हे त्यांच्या टाचांना अजून कळलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दुकान न उघडता बाजार समितीत गेले, जिथे तुरीची आणि साखरेची पोती शिवून बंद करतात, आणि बराच वेळ तिथल्या शिवणाऱ्याच्या डोक्याशी उभे राहिले. आमच्या भागातल्या प्रत्येक घराला ही शिलाई ठाऊक आहे. साखळीसारखी असते. शिलाई जिथे संपते ते टोक ओढले, की सगळे पोते सर्रकन उघडते. जिथे सुरू होते ते ओढले तर बैलाच्याने सुटत नाही आणि मग घरात विळी शोधावी लागते.

अप्पा परत आले ते एक कोरे गोणपाट घेऊन. अक्का पायरीवर बसली होती.

"शिवतो," ते म्हणाले. "पर मी अंगभर शिवणार. गळ्यापासून घोट्यापर्यंत, पूर्ण बाह्या, कॉलर. त्यात एक बोट कमी करायचं न्हाई. फुडचं तुझं तू बघ."

अक्का उठली आणि त्यांच्यासमोर मापाला उभी राहिली. अप्पांनी तिचे माप घेतले, लहानपणी दिवाळीला घ्यायचे तसे, टेप मानेत अडकवून, आकडे स्वतःशीच पुटपुटत. गोणपाट अंगाला टोचेल म्हणून त्यांनी आतून मलमलचे अस्तर लावले. ते तिने मागितले नव्हते.

असे साखरेचे पोते बर्लिनला गेले. तिचा नवा प्रयोग असा होता: दोन हमाल रंगमंचावर एक पोते आणून ठेवतात आणि निघून जातात. पोते सुस्कारा टाकते. मग दोरा ओढला जातो आणि आतून बेगम बिदरी, चांदीच्या वेलीसकट. पण अप्पांनी पोते खालून वर शिवले होते, म्हणजे सुटणारे टोक गळ्याशी येईल. सरावात ते एकदा उघडले, आणि अक्काने ते स्वतः पुन्हा शिवताना वरून खाली शिवले. टोक गेले घोट्याशी. बाह्यांतले हात गळ्यापर्यंत पोचत, घोट्यापर्यंत नाही. पहिल्याच प्रयोगात तिने गळ्याजवळचा दोरा ओढला आणि पोते आणखी आवळले. ती वाकून घोट्यापर्यंत जायला बघत होती, पडत होती, पोत्याच्या शर्यतीतल्या पोरासारखी उड्या मारत होती. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. शेवटी दोन्ही हमाल आले आणि बेगमला पोत्यासकट उचलून घेऊन गेले. कपडे काढण्याच्या त्या रंगमंचावर त्या दिवशी एक बोटही उघडे पडले नाही, आणि टाळ्या थांबेनात.

तिने हे फोनवर सांगितले तेव्हा मी अप्पांजवळ होते. शिलाई सुटली नाही म्हणून ती बिचारी माफी मागत होती. अप्पांचा चेहरा खुलला.

"म्हंजे शिलाई टिकली," ते म्हणाले.

पुढे ती आधी मुद्दाम चुकीचे टोक ओढायची, उड्या मारायची, आणि मगच खरे. प्रत्येक प्रयोगानंतर पोते पुन्हा शिवावे लागे. हे काम ती दुसऱ्या कोणाला देत नसे. लहानपणी मशिनकडे न फिरकलेली ही बाई दुपारी फोन उभा करून ठेवायची, आणि इकडून अप्पा तिला टाके शिकवायचे. "खालून धर. खालून. अगं, पोतं उलटं धरलीस." गिऱ्हाईक खोळंबायचे. कोणी विचारले मुलगी काय करते, तर अप्पा आता म्हणत, "स्टेजवर हाय. कपडे माझे आसतात."

तिच्या जाण्यानंतर तिच्या रंगमंचावरची एक मैत्रीण अस्थी आणि एक बॅग घेऊन भालकीला आली. उंच, पिकल्या केसांची बाई. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. दारात तिने बूट काढायला घेतले. एका बुटाची नाडी सुटली, मग ती थांबली आणि गल्लीकडे बघू लागली. अप्पांनी मला खूण केली, चहा आताच ओतू नको.

बॅगेत हातमोजे होते, पुष्कळ. आणि ते पोते होते. शिवलेले. पुढच्या प्रयोगासाठी तिने ते तयार करून ठेवले होते. अप्पांनी ते उजेडाला नेले आणि शिलाईवरून अंगठा फिरवला, खालून वर. टाके लहान-मोठे होते, मधे एका ठिकाणी ओळ वाकडी गेली होती. दुसऱ्या कोणाचे असते तर त्यांनी तिथल्या तिथे उसवून पुन्हा शिवले असते. शेवटचे टोक गळ्याशी होते, जिथे हवे तिथे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिचा फोटो ठेवायचा होता. एका फोटोत ती चांदीत होती आणि बाकीच्यांत मफलरमध्ये. अध्यक्षांनी मफलर सुचवला. अप्पांनी दोन्ही ठेवले, आणि शेजारच्या खुंटीला पोते टांगले. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिले. लोक रांगेने फुले वाहत होते आणि प्रत्येकाची नजर त्या दोऱ्याच्या टोकाकडे जात होती. साखळीच्या शिलाईचे टोक समोर लोंबत असले की ओढावेसे वाटतेच. आमच्याकडे ते तान्ह्या मुलालाही कळते. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या बसल्या होत्या. बऱ्याच जणींच्या खांद्यावर सत्काराच्या शाली होत्या.

गौरम्मा फुले वाहून खुंटीपाशी थांबल्या. त्यांचा हात वर गेला आणि दोन बोटांनी त्यांनी टोक धरले. अप्पा खुर्चीतून उठले. त्यांनी गौरम्मांचा हात धरला, रस्त्यावरच्या लोंबत्या बटणवाल्याचा धरतात तसा, पण हलके.

"राहू दे, गौरम्मा," ते म्हणाले. "ओढलं की कार्यक्रम संपतोय."